हात माझाच होता

"हात दाखव," रंगनाथदादा दारातनंच म्हणाला.

डावा हात मी पदराखाली घेतला होता, पण प्लॅस्टर काय पदराखाली लपतं होय? दादानं चपला काढल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभा राहून माझ्या तोंडाकडं बघत राहिला. डोळ्याखालचं काळंनिळं आता पिवळं पडायला लागलं होतं, निदान ते तरी त्याच्या नजरेतून सुटेल असं मला वाटलं होतं. पण बाजारात उभ्याउभ्या बैलाचं वय सांगणारा माणूस तो. त्याच्या नजरेतून काय सुटतंय.

"झोपेत लागलं," मी म्हटलं.

"झोपेत."

"हो. झोपेत ह्यांचा हात लागला."

"मथू, आपल्या गावची कौसा मोरीत पडली म्हणायची. तिची जाऊ जिन्यावरनं. तू नवीन काढलंस."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं मान हलवली. "ह्या घरचं पाणी नको मला."

तांब्या मी उंबऱ्यावरच ठेवला. माझा थोरला भाऊ बोलघेवडा नाही, पण एकदा पाणी नाकारलं की संपलं. आमच्या आत्याला माझ्या वडलांनी असंच नवऱ्याच्या घरनं आणलं होतं. ती परत गेली नाही. आमच्याच पडवीत म्हातारी झाली आणि आमच्याच पडवीत मेली. सगळे तिला मान द्यायचे, आणि ती मुकाट्यानं तांदूळ निवडत बसायची. मला तसं बसायचं नव्हतं. मला माझ्या घरात, माझ्या माणसाजवळ राहायचं होतं.

दादाला फोन केला होता माझ्याच मुलानं, अविनाशनं. तो चाकणला कंपनीत. शनिवारी न सांगता सकाळच्या पहिल्या गाडीनं आला. मी दार उघडलं तर हाताला प्लॅस्टर, आणि आत ह्यांच्या खाटेच्या गजाला वासराचं दावं बांधलेलं. पोराला काय वाटावं? बापानं आईला बांधून मारलं. मी जीव तोडून सांगत होते, की अरे बाबा, ते दावं माझ्यासाठी नाही, तुझ्या बापासाठी आहे. त्यांनीच मला त्यांचा हात बांधायला लावला. अविनाश म्हणाला, "आई, बास कर. किती झाकशील त्यांना?"

खरं तेवढंच होतं हो. आमच्याकडं उसात बिबटे. त्या वर्षी शेजारच्या वस्तीवरची कालवड नेली, तेव्हापासून हे झोपेत बिबट्याशी लढायला लागले. आधी नुसतं बरळणं. मग लाथा. मी हसायचे, सकाळी विचारायचे, "कोण जिंकलं?" मग एकदा डोळ्यावर ठोसा बसला. आणि आठवड्यापूर्वी ह्यांनी माझा दंड धरून मला अशी ओढली, की मी खाटेवरनं खाली आणि मनगट माझ्याच अंगाखाली. जागे झाले आणि आधी दिवा लावला. म्हणाले, "त्यानं तुझी मान धरली होती गं, मी तुला ओढून काढत होतो." त्यानंतर ते धड झोपलेच नाहीत. दावं बांधूनही भरवसा वाटेना, म्हणून बाहेर खुर्ची टाकून बसून राहायचे. डुलकी आली की उठून तोंडावर पाणी मारायचे. माणूस निम्मा झाला होता.

हे गावच्या डेअरीवर लोकांचं दूध मापून घ्यायचे. त्या दिवशी सकाळचं दूध उरकून घरी आले आणि अंगणात दादाला बघून जागच्या जागी थांबले.

"गेणभाऊ," दादा म्हणाला, "काय ऐकतोय मी?"

"खरं आहे, दादा."

"मारलंस?"

हे जमिनीकडं बघत राहिले. मी म्हटलं, "अहो, स्वप्नाचं सांगा की. गप काय बसलाय? बिबट्याचं सांगा."

"सांगून काय करू," हे म्हणाले. "हात माझाच होता."

अस्सा राग आला मला. एवढा सरळ माणूस कुणाच्या नशिबी येऊ नये. वकील तर नाहीच, आरोपीसुद्धा धड होता येत नाही ह्या माणसाला. अविनाश स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभा होता. त्यानं तोंड फिरवलं.

"पिशवी भर, मथू," दादा म्हणाला. "चारची गाडी आहे."

"मी नाही येणार."

"तुला विचारलं नाही मी."

"दादा," हे मध्येच म्हणाले, "घेऊन जा तिला. तिथं तरी तिला बिनघोर झोप लागंल."

घरातली तिन्ही पुरुषमाणसं एकमतानं माझं भलं करायला निघाली होती आणि मला कुणी विचारत नव्हतं. मी आत गेले, पिठलं केलं, भाकरी थापल्या. एका हातानं भाकरी कशी होते ते मला विचारू नका, वाकडीतिकडी झाली. दादानं ताटाला हात लावला नाही. अविनाश दोन घास खाऊन उठला. मी मात्र पोटभर जेवले. राग आला की मला भूक लागते, काय करणार.

जेवणं झाल्यावर पडवीत बसलो. अविनाश म्हणत होता की आईला चाकणला नेतो, दादा म्हणत होता की लेकीबाळी अडचणीत आधी माहेरीच जातात. दोघांची हळू आवाजात हमरीतुमरी चालली होती. हे पेंडीच्या पोत्यांना टेकून बसले होते. मी सहज तिकडं बघितलं तर ह्यांची मान खाली. डोळे मिटलेले. उन्हं पडवीत आलेली, पोटात दोन घास, आणि इतक्या दिवसांचं जागरण. शरीरानं हात टेकले शेवटी.

मी तोंडावर बोट ठेवलं.

"काय?" अविनाश म्हणाला.

"गप बस. झोपलेत ते. आता बघा."

"काय बघायचं?"

"तुम्ही दोघं खोटं म्हणताय ना मला? मग बघा."

दादानं घड्याळाकडं बघितलं. आम्ही तिघं एका झोपलेल्या माणसाकडं बघत बसलो. हे पोत्यावरनं हळूहळू कलंडले आणि आडवे झाले. श्वास जड झाला. चेहरा इतका निवांत, इतका गरीब, की कुणी म्हणालं असतं ह्या माणसानं आयुष्यात चिलट मारलं नाही. आणि मी देवाला काय मागत होते, तर ह्यांना वाईट स्वप्न पडू दे. आत्ताच्या आत्ता पडू दे. एरवी ज्याच्या भीतीनं माझी झोप उडाली होती, तेच येऊ दे म्हणून मी कुलदैवताला नारळ बोलले.

काहीच होईना. माशी ह्यांच्या गालावर बसली, उडाली. अविनाशनं एकदा माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात एवढी कीव होती की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटलं, आज मुद्दाम झोपणार हा माणूस बाळासारखा. आणि चारच्या गाडीत मी.

"चल मथू," दादा उठत म्हणाला. "गाडी चुकंल."

"थांब जरा."

"किती थांबू? झोपलाय तो. माणसं झोपतात दुपारची."

तेवढ्यात मला दिसलं. ह्यांच्या मिटल्या पापण्यांखाली बुबुळं पळायला लागली. इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. बोटं वळली. मी सरकून ह्यांच्या अगदी जवळ जाऊन बसले, हात पोचेल एवढ्यावर. मारायचंच असेल तर मला मारू दे, पण दादाच्या आणि अविनाशच्या डोळ्यादेखत.

"मथू, मागं हो," दादा म्हणाला आणि मला खांद्याला धरून बाजूला करून स्वतः मध्ये वाकला, बघायला.

ह्यांची लाथ दादाच्या गुडघ्यावर बसली. दादा पुढं कोलमडला, आणि ह्यांनी त्याच्या गळ्यातलं उपरणं मुठीत धरलं आणि पिळायला लागले. डोळे घट्ट मिटलेले. तोंडानं ओरडणं चाललेलं, "सोड तिला. सोड. ए अवी, काठी आण, काठी." पार गल्लीच्या तोंडाला ऐकू जाईल एवढा आवाज. दादा पासष्टीचा, अंगानं आडदांड, पण त्याला ती मूठ सुटेना. तोंड लालबुंद झालं त्याचं.

"आबा," अविनाशनं हाक मारली. "आबा, उठा."

हे खाडकन जागे झाले. तसंच व्हायचं नेहमी, हाक मारली की लगेच शुद्धीवर. उठून बसले आणि आधी मला शोधलं. "कुठाय ती? तुला लागलं का गं?" मी समोरच होते, धडधाकट. मग त्यांनी स्वतःच्या मुठीतलं उपरणं बघितलं, उपरण्यात दादाची मान बघितली, आणि मूठ सोडून दोन्ही हात जोडले.

अविनाश त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "आबा, स्वप्नात काय होतं?"

"बिबट्या होता. तुझ्या आईची मान धरून उसात ओढत होता. मी त्याचं नरडं धरलं."

अविनाश तिथंच रडायला लागला. एवढा बाप्या गडी, बापाच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. हे त्याच्या पाठीवर हात फिरवायला गेले आणि मध्येच थांबले. तो हात पोराला लावायचीसुद्धा त्यांना भीती वाटत होती.

दादा मान चोळत भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "मथू, पाणी आण."

मी तांब्या दिला. त्यानं तो रिकामा केला. मला वाटलं, सुटलो. पण दादा तोंड पुसत हळूच म्हणाला, "झोपेत होता, मान्य. डोळ्यानं बघितलं. पण म्हणतात ना, मनी वसे ते स्वप्नी दिसे. मनात असल्याशिवाय हात उठतो का माणसाचा?"

मी रिकामा तांब्या उचलला. तेच तर मला आतून खात होतं. मी फटकळ. लग्न झाल्यापासून ह्या माणसाला काय काय बोलले असेन, त्याचा हिशेब देवाकडंसुद्धा नसेल. त्यांनी कधी उलटून शब्द काढला नाही. मग एवढं सगळं गिळलेलं जातं कुठं? जागेपणी नाही तर झोपेत वर येत असेल का? लोकांना पटलं तरी हा प्रश्न माझ्या उशाशी राहणारच होता.

त्या दिवशी चारची गाडी गेली आणि दादा राहिला. दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं पुण्याला मेंदूच्या डॉक्टरकडं गेलो. अविनाशच्या कंपनीतल्या कुणीतरी नाव सांगितलं होतं. डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. ह्यांच्या डोक्याला, हनुवटीला, पायांना वायरी चिकटवून त्यांना तिथंच झोपवलं आणि सकाळी आम्हाला आत बोलावलं.

"आजोबा," बाई म्हणाल्या, "झोप म्हणजे दिवा विझवून ठेवणं नाही. आत कामं चालू असतात. आधी झोप हळूहळू खोल जाते, तेव्हा शरीराची डागडुजी होते. मग थोड्या वेळानं स्वप्नांची पाळी येते. तेव्हा मेंदू जवळजवळ जागा असतो. डोळे पळत असतात. पळतोय, भांडतोय, झाडावर चढतोय, सगळं मेंदूच्या लेखी खरंच चाललेलं असतं."

"मग सगळेच का लाथा मारत नाहीत?" अविनाशनं विचारलं.

"कारण मेंदू खाली, मानेपाशी, कडी घालतो. श्वास आणि डोळे सोडले तर सगळं अंग त्या वेळी लुळं करून ठेवतो. हुकूम वरनं सुटतो, पण हातापायांपर्यंत पोचत नाही. ह्यांची ती कडी सैल झालीय. स्वप्न पडलं की हात खरंच उठतो."

"मग त्या दिवशी दुपारी इतक्या लवकर कसं झालं?" मी विचारलं.

"किती दिवस जागे होते ते? शरीर झोप विसरत नाही, आजी. स्वप्नांची झोप थकीत राहिली की मिळेल तिथं वसूल करतं. जागं राहून त्यांनी दुखणं वाढवलंच म्हणायचं."

दादा कोपऱ्यात उपरणं सावरत बसला होता. माझ्या मनातलं माझ्या तोंडून बाहेर पडलंच. "बाई, एक विचारते. ह्यांच्या मनात माझ्याविषयी काही असेल का? राग? तो असा बाहेर पडतोय का?"

बाईंनी माझ्याकडं नाही, ह्यांच्याकडं बघितलं. "आजोबा, स्वप्नात तुम्ही कुणाला मारत होता?"

"बिबट्याला."

"आणि आजी कुठं होत्या?"

"त्याच्या तोंडात."

"बघा आजी. बहुतेक माणसं मला असंच काहीतरी सांगतात. कुणीतरी अंगावर आलं आणि मी घरच्यांना वाचवत होतो. गरिबातली गरीब माणसं असतात. रागाचा इथं संबंध नाही."

"म्हणजे," ह्यांनी विचारलं, "मी मारलं नाही हिला?"

"नाही. आजार आहे हा. गोळी देते, पुष्कळ कमी होईल. खाटा मात्र वेगळ्या ठेवा."

ह्यांनी दोन्ही हातांत तोंड झाकलं. मग उठले आणि दादाला म्हणाले, "चला दादा, चहा घेऊ." आजार निघाला म्हणून एवढा हरखलेला माणूस मी दुसरा बघितला नाही. दोघं बाहेर गेले. मी पण उठत होते.

"आजी, तुम्ही बसा जरा," बाई म्हणाल्या. "ह्यांना वास येतो का नीट?"

मला हसूच आलं. म्हटलं, वासाचं काय घेऊन बसलात, ह्या माणसाचं नाक म्हणजे डेअरीचं यंत्र. कॅनवर नुसतं वाकले की दूध फुटणार की टिकणार सांगायचे. आणि बोलता बोलता मी थांबले. गेल्या वर्षभरात दोनदा नासकं दूध ह्यांच्या हातून पुढं गेलं होतं. गावानं बोल लावला होता की गेणभाऊचं लक्ष उडालं. परवा घरात दूध करपलं तेव्हा हे चुलीपाशीच बसले होते, आणि ह्यांना कळलं नव्हतं.

मी ते सांगितलं. बाईंनी अक्षराचं विचारलं, शौचाचं विचारलं, चालताना हात हलतो का विचारलं. अविनाश म्हणाला, "आबांचं अक्षर फार बारीक झालंय हल्ली." बाई लिहायच्या थांबल्या.

"नुसती कडी सैल होऊन हे थांबेलच असं नाही," त्या म्हणाल्या. "ह्या आजाराच्या बऱ्याच माणसांना पुढं कंपवात होतो. काहींना पाच वर्षांनी, काहींना पंधरा. काहींना होतही नाही. आज कुणी सांगू शकत नाही. पण त्यांना हे सांगायला हवं."

"सांगू," अविनाश म्हणाला. तो दाराकडं निघाला. "मी बोलावतो त्यांना."

मी त्याचा हात धरला. "पुढच्या खेपेला सांगा, बाई. मी स्वतः त्यांना घेऊन येते. आज नको. कित्येक दिवसांनी आज त्यांना झोप लागेल, तेवढी लागू द्या."

बाहेर कँटीनमध्ये हे दादाला सांगत होते, "कडी असते म्हणे, दादा, मानेत." आणि दुसरा वडापाव खात होते.

पुढच्या खेपेला बाईंनी सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "येईल तेव्हा बघू." सात वर्षं काही आलं नाही. मग उजवा अंगठा हलायला लागला.

आता सगळं आलंय. शर्टाचं बटण मी लावते. कप दोन्ही हातांत दिला तरी चहा बशीत सांडतो. पाऊल उचलायचं म्हटलं तर जमिनीला खिळल्यासारखे उभे राहतात. आवाज पार आत गेलाय, काय म्हणाले ते कळायला मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागतो. दादा आता नाही. अविनाश महिन्यातनं दोनदा येतो.

गोळीनं ते झोपेतलं पुष्कळ कमी झालं. पण कधीतरी, दुपारची झोप लागली की पापण्यांखाली बुबुळं पळायला लागतात. माझी खाट समोरच्या भिंतीला. मी उठून बसते. आणि जो हात सकाळी घास तोंडापर्यंत नेऊ शकला नाही, तो हात खांद्यातनं सरळ वर उठतो, न थरथरता. आवाज डेअरीवरचा, पूर्वीचा. पार गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, होतं असं, स्वप्नांच्या झोपेत हा आजार सुटल्यासारखा होतो, का ते अजून नीट कळलेलं नाही.

अविनाश असला की म्हणतो, "आई, उठव ना त्यांना." मी नाही उठवत. खाली गादी टाकलेली आहे, पडले तरी लागणार नाही. जागेपणी सगळ्या संसारात ह्यांनी कधी माझं नाव घेतलं नाही. 'अगं' म्हणायचे, नाहीतर 'अवीची आई'. झोपेत मात्र खणखणीत हाक मारतात, "मथुरा! मागं सर, मी आहे."

मी आपली माझ्या खाटेवरनं ओ देते.